गंगापूरच्या बॅकवॉटरकाठचा मुक्काम : कुत्र्याला मागे ठेवून जाण्याची सोय कितपत भरवशाची?

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरलगत गेल्या काही वर्षांत तंबूत मुक्काम करण्याची बरीच ठिकाणे निघाली आहेत आणि त्यांतील अनेकांच्या जाहिरातीत कुत्र्यांना प्रवेश असल्याचे आवर्जून सांगितलेले असते. प्रवेश देणे ही यातली सोपी बाजू आहे. कुत्र्यासह आलेले कुटुंब दोन दिवसांत केव्हा ना केव्हा त्याला मागे ठेवून बाहेर पडतेच, मग ते त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला असो, नौकाविहाराला असो किंवा द्राक्षमळा पाहायला असो. आणि त्या तीन-चार तासांत कुत्रा कोठे, कोणाजवळ आणि कसा राहतो यावरच त्या ठिकाणाची परीक्षा होते. ज्या जागेविषयी लिहीत आहे तेथे या तासांसाठी स्वतंत्र निवारा आणि तो सांभाळणारा माणूस आहे, आणि हे परीक्षण केवळ त्या सोयीचे आहे. तंबू नीटनेटके आहेत, पिठले-भाकरी चुलीवरची असते, एवढे सांगून तो विषय संपवते. जागेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या उणिवा मालकांना समक्ष सांगितल्या असून त्यांतील काही दूर करण्याचे त्यांनी मान्य केले आहे. शिवाय याच कसोट्या जलाशयाकाठच्या कोणत्याही मुक्कामाला लावता येतील.

नियम असा आहे की कुत्र्याचा मालक आवारात नसेल तेव्हा त्याला तंबूत, मोटारीत किंवा झाडाला बांधून एकटे सोडता येणार नाही. त्याला निवाऱ्यात देऊनच बाहेर पडायचे. आरक्षणाच्या वेळी हे फोनवर सांगतात, पोहोचल्यावर सही घेतात, आणि फाटकावरचा रखवालदार बाहेर जाणाऱ्या गाडीला "कुत्रं कुठंय?" असे विचारल्याशिवाय दांडी वर करत नाही. हा प्रश्न काही पाहुण्यांना खटकतो. "आमचा कुत्रा शांत आहे, तंबूत झोपून राहील" हे वाक्य मी तेथे अनेकांच्या तोंडून ऐकले, परंतु आपला कुत्रा अनोळखी तंबूत एकटा कसा राहतो हे त्यांपैकी कोणी पाहिलेले असणे शक्यच नव्हते, कारण तो एकटा असतो तेव्हा ते बाहेर गेलेले असतात.

घरात दिवसभर निवांत पडून राहणारा कुत्रा तंबूतही तसाच राहील, ही समजूत कच्ची आहे. घरात सगळे वास ओळखीचे असतात आणि गेलेला माणूस परत येतो हे त्याने शेकडो वेळा अनुभवलेले असते. तंबूत यांपैकी काहीच नसते, आणि कापडाची भिंत घाबरलेल्या कुत्र्याला फार वेळ अडवूही शकत नाही. दात आणि नखे लागली की ते फाटते, आणि दाराची झिप तर नाक खुपसूनही सरकते. बाहेर निसटलेला कुत्रा मालक ज्या वाटेने गेला त्या वाटेचा वास घेत निघतो, म्हणजे थेट वाहतुकीच्या रस्त्याकडे. झाडाला बांधून ठेवणे वरकरणी सुरक्षित दिसते, पण लांब पट्टा तंबूच्या खुंट्यांना आणि कुत्र्याच्या स्वतःच्या पायांना वेढे घालतो, पाण्याचे भांडे कलंडते आणि सकाळी असलेली सावली दुपारी दुसरीकडे सरकलेली असते. त्यातच बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, हे वाडीवरून फिरत आलेल्या मोकळ्या कुत्र्यांना लगेच कळते. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच अन्न, पाणी वा आसरा न देणे हे गुन्हे आहेत. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड आहे तो १० ते ५० रुपयांचा. एवढ्या दंडाला सहलीला आलेले कोणी भिणार नाही, म्हणून फाटकावरच्या त्या प्रश्नाचे मोल मला अधिक वाटते.

या परिसरात याहून मोठे कारण बिबट्याचे आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी या तालुक्यांत त्याचा वावर नवा नाही, आणि नाशिक शहरातही गंगापूर रस्त्याच्या बाजूच्या वसाहतींत तो दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचा वाटा सुमारे ८७ टक्के निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. त्याच भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट असूनही आहारात त्यांचे प्रमाण ११ टक्केच होते. शेतकरी शेळ्या रात्री घरात किंवा गोठ्यात घेतो आणि कुत्रा मात्र अंगणात राहतो, हे त्यामागचे एक कारण अभ्यासकांनी दिले आहे. शहरातून आलेल्या आणि मोटारीच्या खर्चाइतके कुत्र्यावर खर्च करणाऱ्या माणसाने आपला कुत्रा तंबूबाहेर खुंटीला बांधून ठेवावा आणि वाडीवरच्या म्हातारीची शेळी मात्र दाराआड असावी, हे चित्र विचार करण्यासारखे आहे. धोका रात्रीचा अधिक असतो हे खरे. तरी संध्याकाळ उतरू लागली की तो सुरू झाला असे धरूनच वागावे, आणि या जागेच्या सोयीचे गुणदोष मी याच हिशेबाने पाहिले.

निवारा जेवणघराच्या मागच्या अंगाला, पाण्यापासून थोडा दूर आहे. चहूबाजूंनी माणसाच्या उंचीपेक्षा उंच तारेची जाळी असून तिची खालची कड सिमेंटमध्ये पुरलेली आहे, त्यामुळे उकरून बाहेर पडता येत नाही. आत शिरण्यासाठी एकामागे एक अशी दोन दारे आहेत आणि पहिले लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही असा दंडक आहे. पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या शहरातल्या बऱ्याच बोर्डिंगमध्येही ही साधी सोय नसते आणि कुत्रे निसटतात ते बहुधा दार उघडण्याच्या क्षणीच. म्हणून या दुहेरी दारांसाठी बांधणाऱ्याला पूर्ण गुण दिले पाहिजेत. आत पाच खण आहेत. दोन खणांमधली भिंत कमरेपर्यंत विटांची आणि वर जाळीची आहे, ज्यामुळे शेजारचे दोन कुत्रे समोरासमोर डोळे रोखून उभे राहू शकत नाहीत आणि त्यांची भुंकाभुंकी लवकर शमते. प्रत्येक खणात जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्यांची चौकट असते. नाशिकची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या फळ्यांचे महत्त्व सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत येथे पारा दहा अंशांच्या खाली सहज उतरतो आणि पाण्याकाठी फरशी बर्फासारखी लागते.

उन्हाळ्याचा विचार मात्र अर्धवट झाला आहे. छपराला उघडा पत्रा आहे. मार्चमध्ये आम्ही गेलो तेव्हा दुपारी दोनच्या सुमारास खणात उभे राहिले असता डोक्यावर पत्र्याची धग जाणवत होती, आणि सांभाळणाऱ्या काकांनी त्यावर ओली गोणपाटे टाकलेली होती, जी तासाभरात वाळून जात. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरताच. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, आणि हवाच तापलेली असेल तर त्या धापांचा उपयोग उरत नाही. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि ते ४१ च्या पुढे गेले की जिवावर बेतते. पगसारख्या आखूड नाकाच्या जातींना तर धापाही नीट टाकता येत नाहीत. करंजाच्या सावलीतले मोकळे अंगण निवाऱ्याला लागूनच आहे आणि काका दुपारी कुत्र्यांना आळीपाळीने तेथे आणतात, म्हणून गंभीर असे काही घडले नाही. परंतु छपरावर उसाच्या पाचटाचा किंवा गवताचा थर देणे आसपासच्या प्रत्येक गोठ्याला जमते, तर तंबूमागे काही हजार रुपये घेणाऱ्याला ते न जमण्याचे कारण नाही.

या सोयीतली सर्वांत चांगली गोष्ट इमारतीत नसून ती सांभाळणाऱ्या काकांच्या पद्धतीत आहे. ते जवळच्या वाडीवरचे आहेत, त्यांनी आयुष्यभर जनावरे राखली आहेत, आणि श्वान-प्रशिक्षणाचा शब्दही न उच्चारता ते जे करतात तेच पशुवैद्यक सांगत असतात. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या चंपीला आत घेतले आणि मला म्हणाले, "ताई, लगेच जाऊ नका. त्या झाडामागं उभ्या राहा, तिला दिसू नका. तुमच्या मागं किती रडते ते आधी बघू." मी दहा मिनिटे उभी राहिले. चंपी सुरुवातीला दाराशी ओरडली, मग फेऱ्या मारू लागली, आणि शेवटी फळीवर जाऊन बसली. मग काकांनी मला बोलावले, मी गेले, पुन्हा आडोशाला गेले. दुसऱ्यांदा ओरडणे लवकर थांबले आणि त्यानंतरच त्यांनी आम्हाला नौकाविहाराला जाऊ दिले. तेही तासाभरात परतायचे या अटीवर.

मालक दूर गेल्यावर ज्या कुत्र्यांना भीतीचा झटका येतो, त्यांची लक्षणे बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतात : अखंड भुंकणे, लाळ गळणे, दार ओरबाडणे, असेल तेथे लघवी करणे. नवी जागा, नवा माणूस आणि मालकाचे अचानक नाहीसे होणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच्यावर लादल्या तर शांत कुत्राही बिथरतो. म्हणून आधी जागेची ओळख, मग माणसाची, मग थोड्या वेळाचा विरह, हा क्रम महत्त्वाचा आहे. काकांनी एका जर्मन शेफर्डला आत घेण्यास सरळ नकार दिल्याचेही मी पाहिले. त्याने दाराच्या जाळीवर इतक्या जोराने दात रोवले होते की हिरड्यातून रक्त आले. त्या कुटुंबाची त्र्यंबकची सहल त्या दिवशी दोन फेऱ्यांत झाली, आधी वडील आणि मुलगा, मग आई आणि मुलगी. ते चिडले होते, पण पैसे मिळत असताना नकार देणारी सेवा मला अधिक विश्वासाची वाटते. मालकाने अंगावरचा वापरलेला कपडा खणात ठेवावा, अशी सूचनाही काका करतात. तो धुतलेला आणला तर ते हसतात.

नोंदणीचा कागद मात्र कच्चा आहे. त्यात रेबीजच्या लसीचा दाखला मागतात आणि तेवढ्यावर थांबतात. अनेक घरांतली कुत्री एका भिंतीआड येतात तेथे डिस्टेंपर, पार्व्हो आणि केनेल कफ या संसर्गजन्य आजारांचा विचार केलाच पाहिजे, आणि पाण्याकाठच्या जागेत लेप्टोस्पायरोसिसचाही, कारण हा आजार उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून पसरतो आणि माणसालाही होतो. वार्षिक मिश्र लसीत यांपैकी बहुतेकांचा समावेश असतो. तेव्हा लसीकरणाची पूर्ण पुस्तिका पाहणे हे काम दोन मिनिटांचे आहे. गोचिडींची तपासणी तर होतच नाही. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत आणि फळ्यांच्या सांध्यांत दडते, मादी एका वेळी हजारो अंडी घालते, आणि एर्लिकिया व बॅबेसिया यांसारखे रक्ताचे आजार तिच्यातून पसरतात. लाकडी फळ्या थंडीत जितक्या उपकारक, तितक्याच या बाबतीत अडचणीच्या आहेत. त्या उचलून उन्हात टाकता येतील अशा केलेल्या आहेत, पण प्रत्यक्षात कोणी उचलताना मला दिसले नाही. येथे कुत्रा ठेवणार असाल तर गोचीडविरोधी औषध जाण्याआधीच देऊन ठेवावे, आणि परतल्यावर कानांच्या मागे व बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहावा.

कागदावर पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक आहे, मालकाचाही एकच क्रमांक घेतात. जलाशयाच्या काठी आणि त्र्यंबकच्या वाटेवर काही ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून दुसरा क्रमांक आणि "संपर्क न झाल्यास उपचारांना संमती आहे" अशी एक ओळ त्यात हवी. ती मी स्वतःच्या हाताने लिहून दिली.

खाण्याच्या बाबतीत मला बराच वेळ बोलावे लागले, आणि हा मुद्दा नाशिकपुरता खास आहे. सकाळी न्याहारीला मिसळ असते, उरलेला रस्सा आणि चिरलेल्या कांद्याच्या ताटल्या मागच्या बाजूला, म्हणजे निवाऱ्याच्याच दिशेने जातात, आणि स्वयंपाकघरातली पोरे मायेपोटी कुत्र्यांना पाव बुडवून देतात. कांदा कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने अपाय दिसू लागतो, आणि लक्षणे काही दिवसांनी उमटत असल्याने कारण लक्षातही येत नाही. लसूण त्याच कुळातली. त्याहून बेभरवशाची गोष्ट द्राक्षांची आहे. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ, तोच पर्यटकांचाही; घरोघरी, तंबूतंबूत द्राक्षांचे खोके असतात आणि बेदाणे तर वर्षभर. द्राक्षांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ली तर अपाय होईल याला नियम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला तेवढीच मारक ठरतात. द्राक्षातील टार्टारिक आम्ल त्यास कारणीभूत असावे असे अलीकडे मानले जाते. एकट्या सोडलेल्या कुत्र्याने तंबूतला खोका फोडला तर मालकाला ते तासांनी कळते आणि उपचाराची पहिली, सर्वांत मोलाची वेळ निघून गेलेली असते. निवाऱ्याच्या भिंतीवर "कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट देऊ नये" असा फलक लावण्याची सूचना आम्ही केली, आणि पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो लागलेला होता. मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि स्वयंपाकघराच्या दारावरही. सूचना इतक्या लवकर अमलात आणणारे ठिकाण विरळाच.

वेळेचे गणित जमत नाही. दिवसाचा निवारा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढा वेळ चालतो. नाशिकपासून २८ किलोमीटरवर असलेल्या त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाची रांग साध्या दिवशी आटोपते, पण सोमवारी, सुट्टीत आणि श्रावणात ती किती तास घेईल हे कोणीच सांगू शकत नाही. आणि सहानंतर दर तासाला जादा शुल्क आकारण्यापलीकडे या ठिकाणी दुसरी योजना नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थात त्या रस्त्यावर काय होईल याची कल्पना नाशिककरांना देण्याची गरज नाही. उशीर होईल या भीतीने काही पाहुणे कुत्र्याला मोटारीत घालून त्र्यंबकला नेतात आणि वाहनतळावर काचा बोटभर खाली करून ठेवतात, जे या सगळ्यांतले सर्वांत वाईट आहे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असे आढळले की बाहेर साधारण २२ अंश तापमान असतानाही उन्हात उभ्या मोटारीच्या आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढते, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. नाशिकची जानेवारीची दुपारही याहून थंड नसते. पक्षी पाहण्यासाठी नांदूर मधमेश्वरला जाणाऱ्यांनी तर कुत्रा येथेच ठेवावा. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेल्या त्या अभयारण्यात पाणपक्ष्यांच्या थव्यांजवळ कुत्रा नेणे पक्ष्यांवर अन्याय आहे, आणि बाहेर मोटारीत ठेवणे कुत्र्यावर. अंतर लक्षात घेता सहाच्या आत परतणे त्या सहलीत सहज जमते.

आता रात्रीविषयी. काका सात वाजता घरी जातात आणि निवारा बंद होतो. रात्री कुत्रा मालकाबरोबर तंबूत झोपावा, हे योग्यच आहे. पण जेवणघरात रात्री साडेआठ ते साडेनऊ या वेळेत कुत्र्यांना बंदी असते आणि शेकोटीचा कार्यक्रमही त्यांच्याविना चालतो. मालक तर आवारातच असतो, त्यामुळे मघाचा नियम कागदावर मोडत नाही. प्रत्यक्षात मात्र ज्या घटकेला अंधार पडलेला असतो, लोक एका जागी गोळा झालेले असतात आणि झाडीलगतची तंबूंची रांग रिकामी असते, त्याच घटकेला पाच-सहा कुत्री तंबूंबाहेर बांधलेली किंवा आत डांबलेली असतात. दिवसा इतक्या कसोशीने पाळलेली शिस्त रात्री जेवणाच्या ताटापाशी सुटते, ही या ठिकाणाची सर्वांत मोठी उणीव आहे. मध्यंतरीच्या मुक्कामात पलीकडच्या एका लॉन्सवर लग्नाची वरात होती, डीजेचा आवाज पाण्यावरून थेट अंगावर येत होता, आणि शेजारच्या तंबूतले लॅब्राडॉर पट्ट्यासकट खुंटी उपटून जेवणघराच्या पायरीशी येऊन थरथरत बसले. ते माणसांकडे आले म्हणून ठीक. उलट दिशेला झाडी होती. आम्ही आळीपाळीने जेवलो. ताट तंबूपाशी आणून देण्याची विनंती व्यवस्थापकांनी मान्य केली, पण त्यासाठी दोनदा सांगावे लागले आणि चेहऱ्यावर नाराजी होती.

जागेच्या मालकांशी याविषयी बोलणे झाले. जेवणघराच्या पडवीचा एक कोपरा जाळी लावून कुत्रा बरोबर असलेल्या कुटुंबांसाठी राखण्याचे त्यांनी कबूल केले आहे. रात्री नऊपर्यंत थांबणारा दुसरा माणूस नेमण्याचे मात्र त्यांनी टाळले. खर्च परवडत नाही असे त्यांचे म्हणणे. काकांना सुट्टी असते त्या दिवशी निवारा स्वयंपाकघरातला एखादा मुलगा सांभाळतो, हेही त्याच काटकसरीचे फळ आहे, आणि आरक्षणापूर्वी काका त्या दिवशी असणार की नाही हे विचारून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. सगळी सेवा एका अनुभवी माणसावर उभी आहे आणि त्याच्यानंतर काय, याचे उत्तर आज तेथे कोणाकडे नाही.

दिवसाच्या निवाऱ्याचे शुल्क तासावर आहे आणि पाच तासांचे पैसे शहरातल्या बोर्डिंगच्या एका दिवसाच्या दराजवळ जातात. स्वस्त नाही. तरीही दोन दिवसांच्या सहलीसाठी कुत्र्याला शहरात ठेवून येण्यापेक्षा मला हे पटते, कारण कुत्रा रात्री आपल्याजवळ असतो आणि दिवसाचा विरह तीन-चार तासांपुरता राहतो. जो कुत्रा घरी दुसऱ्या माणसाजवळ कधी राहिलेलाच नाही, जो वर्षाच्या आतला आहे, ज्याचे नाक आखूड आहे आणि महिना एप्रिल-मेचा आहे, किंवा जो म्हातारा असून औषधांवर आहे, त्याच्यासाठी ही जागा नव्हे. त्याला ओळखीच्या नातेवाइकांकडे ठेवणे बरे. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) काढू नये, गळ्यातल्या पट्ट्यावर फोन क्रमांक कोरलेला असावा, आणि पाण्याचे भांडे स्वतःचे न्यावे, कारण तेथली स्टीलची हलकी भांडी पंजा लागताच उलटतात.

दिवाळीच्या चार दिवसांत आणि ३१ डिसेंबरच्या रात्री हे ठिकाण कुत्र्यासह आलेल्यांचे आरक्षणच घेत नाही. गंगापूर रस्त्यावर त्या रात्रींना फटाके आणि ध्वनिक्षेपक पहाटेपर्यंत चालतात, जाळी आणि फळ्या त्यावर उपाय नव्हेत हे त्यांना ठाऊक आहे, आणि हंगामाच्या सर्वांत महागड्या रात्री ते हे गिऱ्हाईक सोडून देतात. मार्चचा पत्रा आणि रात्रीचे जेवण यांची व्यवस्था त्यांनी केली तर पुढच्या थंडीत आम्ही तीन रात्रींचे आरक्षण करू. तोवर दोनच्या पुढे जाणार नाही.